अभ्यासिकेच्या वायफायची वही

१ जून २०२५, रविवार

कार्यवाहांनी तीन महिने लावलेलं टुमणं आज मार्गी लागलं. वाचनालयाला फायबरची जोडणी मिळाली आहे, वरच्या मजल्यावरच्या अभ्यासिकेत तलाठी, पोलीस भरती, एमपीएससी अशा सगळ्या तयाऱ्या करणारी मुलं बसतात, त्यांना फुकट वायफाय द्यायचं. मी गावात एमएस-सीआयटीचे वर्ग घेतो, त्यामुळे "तुम्हाला काय, दोन तासांचं काम." दोन तासांत आज फक्त सध्याची अवस्था कळली. तेवढी लिहून ठेवतो.

राऊटर एकच, ग्रंथपाल बाईंच्या मागच्या कपाटावर. नाव कारखान्यातून आलं तेच. पासवर्ड म्हणजे वाचनालयाचा फोन नंबर, २०२१ पासून भिंतीवरच्या कागदावर. कागद पिवळा पडला, पासवर्ड तोच. सेटिंगमध्ये शिरायला नाव 'अ‍ॅडमिन' आणि पासवर्डही 'अ‍ॅडमिन'. पुस्तकांच्या नोंदींचा संगणक, प्रिंटर, सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारा डबा (डीव्हीआर), सगळे याच जाळ्यावर मांडीला मांडी लावून बसलेले.

अभ्यासिकेतल्या खुर्चीवर बसून माझ्या फोनवरून डीव्हीआरचं पान उघडलं. कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड चालला, आणि खाली बाई डबा खाताना दिसल्या. पान लगेच बंद केलं, खाली जाऊन त्यांना सांगितलं. म्हणाल्या, "म्हणजे वर बसलेलं कोणीही बघू शकत होतं?" हो. चार वर्षं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

डीव्हीआरचा पासवर्ड तिथल्या तिथे बदलला. बाकी पुढच्या शनिवारपासून.

७ जून, शनिवार

समितीची बैठक. अध्यक्ष सर निवृत्त मुख्याध्यापक आहेत, प्रश्न सरळ विचारतात. "सार्वजनिक वायफायवर बँकेचं काम करू नका असं पेपरात सारखं येतं. मग आपण ते मुलांच्या हातात द्यायचंच कशाला?"

प्रश्न बरोबर, पण त्यातली भीती बरीच जुनी आहे. ती कुठून आली ते सांगितलं. ऑक्टोबर २०१० मध्ये सॅन डिएगोच्या टूरकॉन परिषदेत एरिक बटलर नावाच्या प्रोग्रॅमरने फायरशीप दाखवलं. फायरफॉक्स ब्राउझरला जोडायचं एक छोटं एक्स्टेंशन. ते लावून कॉफीच्या दुकानात बसलं की त्याच उघड्या वायफायवर फेसबुक किंवा ट्विटर वापरणाऱ्यांची नावं फोटोसकट बाजूला दिसायची. नावावर दोनदा टिचकी मारली की तुम्ही त्यांच्या खात्यात. पासवर्ड फोडायची गरजच नव्हती. लॉगिनच्या वेळी पासवर्ड कुलूपबंद जायचा, पण त्यानंतर 'हा माणूस आत आलेला आहे' असं सांगणारी चिठ्ठी, म्हणजे कुकी, प्रत्येक पानाबरोबर उघडी फिरायची. ती उचलायची आणि आपली म्हणून दाखवायची. बटलरचं म्हणणं होतं की हे सगळ्यांना ठाऊक असून कंपन्या हलत नाहीत, म्हणून आता कोणालाही जमेल इतकं सोपं करून दाखवतो.

त्यानंतर कंपन्या हलल्या. जीमेलने त्याच वर्षी जानेवारीत सगळा व्यवहार एचटीटीपीएसवर, म्हणजे पानाची सगळी ये-जा कुलूपबंद ठेवणाऱ्या पद्धतीवर, नेलेला होता, फेसबुकने सगळ्यांसाठी ते करायला २०१३ उजाडलं. २०१५ च्या शेवटी 'लेट्स एन्क्रिप्ट' आलं आणि त्यासाठी संकेतस्थळाला लागणारं प्रमाणपत्र फुकट मिळायला लागलं. जुलै २०१८ पासून क्रोम साध्या एचटीटीपी पानांवर 'सुरक्षित नाही' असा शिक्का मारायला लागला. आज क्रोममध्ये उघडणाऱ्या पानांपैकी ९५ टक्क्यांच्या वर पानं एचटीटीपीएसवर असतात. शेजारच्या टेबलावरचा मुलगा हवेतून तुमचा बँकेचा पासवर्ड उचलेल, हा धोका आता फार थोडा उरलाय.

खजिनदार म्हणाले, "मग झालं की. लावून टाका." म्हटलं, थांबा, आधी मला स्वतःला बघू द्या.

खर्चाला मंजुरी मिळाली, तीही दोन सभासद लवकर उठून गेल्यामुळे.

८ जून, रविवार

घरी चाचणी. वायफायच्या मालकाला काय दिसतं ते मालकाच्या जागेवर बसूनच कळेल, म्हणून लॅपटॉपचा हॉटस्पॉट केला, त्यावर जाळ्यातली रहदारी टिपणारं वायरशार्क चालू केलं आणि सौ.चा फोन तिला विचारून त्याला जोडला.

व्हॉट्सअ‍ॅप, बँकेचं अ‍ॅप, यूट्यूब, सगळीकडे नुसता अक्षरांचा भुगा. आत काय चाललंय ते काहीच कळत नाही. पण कुठे चाललंय ते कळतं. फोन कुठलंही पान उघडण्याआधी त्या ठिकाणाचा पत्ता विचारतो (डीएनएस), तो प्रश्न बहुतेकदा उघडा जातो. शिवाय एचटीटीपीएसची बोलणी सुरू करताना सर्व्हरचं नावही सहसा उघडंच सांगितलं जातं. एसटीच्या कंडक्टरला आपण कुठल्या थांब्यावर उतरलो ते माहीत असतं, तिथून कोणाच्या घरी गेलो ते माहीत नसतं, तसं. तरी पाव तासात मला आमची बँक कुठली, ती बातम्या कुठे वाचते आणि कुठल्या दुकानाच्या साड्या बघतेय एवढं कळलं. साड्यांपर्यंत आल्यावर चाचणी थांबवण्याचा आदेश झाला.

नंतर एकट्याने दोन गोष्टी पाहिल्या. एक जुनं संकेतस्थळ अजून एचटीटीपीवर आहे, तिथल्या शोधाच्या चौकटीत 'कांदा' टाइप केलं, लॅपटॉपवर तो शब्द जसाच्या तसा उमटला. मग एका मोठ्या संकेतस्थळाच्या जागी माझं खोटं पान सरकवून बघितलं. ब्राउझरने लाल इशारा दिला आणि 'तरीही पुढे जा' हा दुवा दाखवलाच नाही. हे एचएसटीएसचं काम. २००९ मध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइक या सुरक्षा संशोधकाने एचटीटीपीएसचं कुलूप लागण्याआधीच माणसाला साध्या एचटीटीपीवर रोखून धरायची युक्ती दाखवली होती, तिला उतारा म्हणून २०१२ मध्ये हे मानक झालं. संकेतस्थळ एकदा सांगून ठेवतं की माझ्याकडे यायचं तर एचटीटीपीएसनेच, आणि ब्राउझर ते लक्षात ठेवतो.

तेव्हा मुलांना एक गोष्ट घोकून घ्यायला लावायची: लाल इशारा आला की मागे फिरायचं. वर्गात मी पाहतो, 'प्रगत' वर टिचकी मारून पुढे जाण्यात पोरांना शौर्य वाटतं.

१४ जून, शनिवार

नवा राऊटर आणि छताला लावायचं, वायफाय पसरवणारं एक अ‍ॅक्सेस पॉइंट बसवलं. कार्यालयाचं जाळं वेगळं, अभ्यासिकेचं वेगळं, एकातून दुसऱ्यात वाट नाही. अ‍ॅडमिनचा पासवर्ड लांबलचक, लखोट्यात घालून तिजोरीत. राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर (फर्मवेअर) अद्ययावत. बटण दाबून जोडायची सोय, डब्ल्यूपीएस, बंद. अभ्यासिकेच्या बाजूला क्लायंट आयसोलेशन चालू, म्हणजे एका मुलाचा फोन दुसऱ्याच्या लॅपटॉपपर्यंत पोचणार नाही, दोघेही फक्त बाहेर इंटरनेटकडे जाऊ शकतील.

पंधरा मिनिटांत पहिली तक्रार: "सर, प्रिंट निघत नाही." साहजिक आहे, प्रिंटर आता कार्यालयाच्या बाजूला गेला. हॉल तिकिटाची प्रिंट ही अभ्यासिकेतली जीवनावश्यक वस्तू. तात्पुरता तोडगा: वाचनालयाच्या ईमेलवर फाइल पाठवायची, बाई प्रिंट काढून देतील. बाईंचा चेहरा पाहण्यासारखा होता.

कार्यालयाच्या जाळ्याला डब्ल्यूपीए३, म्हणजे वायफायच्या कुलपाचा नवा प्रकार, लावायचं होतं. प्रिंटर म्हातारा, त्याला डब्ल्यूपीए२ पुढे कळत नाही. म्हणून मिश्र ठेवलं.

भिंतीवरच्या कागदाबद्दल इथे एक नोंद. डब्ल्यूपीए२ मध्ये पासवर्ड सगळ्यांचा एकच असेल आणि तो सगळ्यांना माहीत असेल, तर फोन जोडला जातानाची बोलणी टिपून त्या फोनची हवेतली रहदारी उलगडता येते. म्हणजे भिंतीवरचा पासवर्ड रस्त्यावरच्या माणसाला अडवतो, खोलीतल्याला नाही. डब्ल्यूपीए३ मध्ये हे भोक बुजवलंय.

१५ जून, रविवार

दिवसभर लाईट नाही. काम शून्य.

२१ जून, शनिवार

सगळ्यात किचकट भाग. आत येताना कोणाकडून काय विचारायचं?

काहीच न विचारता उघडं सोडता येत नाही. त्याचं कारण आपल्याच राज्यात आहे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादचे बॉम्बस्फोट होण्याच्या काही मिनिटं आधी धमकीचा ईमेल गेला, तो सानपाड्यात राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या वायफायवरून. वायफाय उघडं होतं, दुसऱ्याच कोणीतरी वापरलं, आणि तपास पथक आलं ते याच्या दारात. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सूचना काढल्या की सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख नोंदली गेली पाहिजे. स्टेशनावर आणि विमानतळावर मोबाईल नंबर आणि ओटीपी मागतात, त्याचं मूळ तिथे.

वायफायची जोडणी विकणारा एक माणूस आज येऊन गेला. त्याच्या पानावर नाव, मोबाईल, ईमेल, जन्मतारीख, शिक्षण इतकं सगळं भरायचं होतं. जन्मतारीख कशाला, विचारलं. "वाढदिवसाला मेसेज जातो ना, कस्टमर खूश." अध्यक्ष सरांनी चहा पाजून त्याला निरोप दिला. जे गोळा केलं ते सांभाळावं लागतं, आणि आमच्याकडे सांभाळण्याची सोय म्हणजे बाईंचं कपाट.

शेवटी पीएम-वाणीचा मार्ग धरायचं ठरलं. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली सार्वजनिक वायफायची योजना. तिच्यात आमच्यासारख्या जागेला, म्हणजे पीडीओला (पब्लिक डेटा ऑफिसला), ना परवाना लागतो ना नोंदणी. ओळख पटवणं आणि हिशेब ठेवणं वरच्या नोंदणीकृत कंपनीकडे, ओटीपी तिच्याच व्यवस्थेत. वाचनालयाच्या संगणकात एकाही मुलाचा नंबर येणार नाही. मला या योजनेत आवडलेली मुख्य गोष्ट हीच.

एक गोष्ट मात्र खटकतेय. आता आम्हीही मुलांना तेच शिकवणार: वायफाय दिसलं, जोडलं, पान आलं, नंबर टाकला, ओटीपी टाकला. उद्या हेच पान दुसऱ्या कोणी उभं केलं तर?

२२ जून, रविवार

कालची शंका आज तपासली. आधी अध्यक्षांचं लेखी पत्र घेतलं आणि काय टिपायचं नाही ते त्यात लिहिलं. परवानगीशिवाय असं काही करणं म्हणजे आयटी कायद्याचं कलम ४३ आणि ६६, खेळ नव्हे. ही वही वाचून कोणी घरी प्रयोग करू नये.

सकाळी अकरा वाजता. अभ्यासिकेत वीस-बावीस जण. खरं वायफाय बंद केलं आणि माझा जुना लॅपटॉप पुस्तकांच्या रॅकमागे ठेवून त्यावर हॉटस्पॉट चालू केला.

पहिला डाव: जुन्या राऊटरचं नाव, जुना पासवर्ड. कोणीही फोनला हात लावला नाही. मिनिटाभरात चौदा फोन आपणहून जोडले गेले. फोनने नाव आणि पासवर्ड लक्षात ठेवलेले असतात. दोन्ही जुळले की तो 'आपलंच घर' समजून आत शिरतो. घर कोणाचं, हे तो विचारत नाही.

दुसरा डाव: नवं नाव, 'वाचनालय फ्री वायफाय', पासवर्ड नाही. जोडलं की एक पान: मोबाईल नंबरची चौकट आणि खाली 'गूगलने लॉगिन करा' असं बटण. आत काहीच नव्हतं, चौकटीतला आकडाही साठत नव्हता. काहीही दाबलं की दुसरं पान, 'ही चाचणी होती. खाली या, चहा आहे.'

नऊ जण चहाला आले.

हसले, ओशाळले, दोघं जरा चिडलेही, ते योग्यच. मग बोलणं झालं. तलाठी भरतीची तयारी करणारी एक मुलगी म्हणाली, "सर, नंबर मागितला म्हणजे पुढे ओटीपी येणार, आणि ओटीपी येतो म्हणजे खरंच असणार, असं वाटलं. पुणे स्टेशनवर पण असंच असतं." हे मला आख्ख्या महिन्यात कळलेलं सर्वात महत्त्वाचं वाक्य आहे. मुलांच्या मनात ओटीपी हा सरकारी शिक्क्यासारखा झालाय. आणि तो तसा आम्हीच, खऱ्या वायफायवाल्यांनी, केलाय. मुंबई सेंट्रलला जानेवारी २०१६ मध्ये स्टेशनांवरच्या फुकट वायफायची सुरुवात झाली, म्हणजे या मुलांनी शाळेत असल्यापासून हेच पाहिलंय.

एक मुलगा मात्र थांबला होता. कारण? "पानाच्या पत्त्यात नाव नव्हतं, नुसते आकडे होते." कितव्या वर्षी बघायला शिकलास, विचारलं. त्याच्या भावाचं खातं गेलं होतं तेव्हा.

त्यांना गेल्या वर्षीची ऑस्ट्रेलियातली घटना सांगितली. पर्थ, मेलबर्न आणि अ‍ॅडलेडच्या विमानतळांवर आणि देशांतर्गत विमानांत खऱ्यासारख्याच नावाचं वायफाय उभं केल्याचा आरोप तिथल्या संघीय पोलिसांनी एका माणसावर ठेवला. विमानातल्या कर्मचाऱ्यांना संशयास्पद वायफाय दिसलं आणि तिथून तपास लागला. त्याचं पान ईमेल किंवा सोशल मीडियाचं लॉगिन मागायचं. हवेतून काही चोरायची गरज नाही, लोक स्वतः टाइप करून देतात. माझ्या रॅकमागच्या लॅपटॉपपेक्षा फार अवघड काही त्यात नव्हतं.

२८ जून, शनिवार

वारीच्या गडबडीत आठवडा गेला. आज फलक.

माझ्या मसुद्यात चौदा सूचना होत्या. बाईंनी लाल पेन घेतलं. "परीक्षेच्या पेपरवरच्या सूचनासुद्धा ही पोरं वाचत नाहीत." पाच ठेवल्या. वाचनालयाचं वायफाय फक्त मोबाईल नंबर आणि ओटीपी मागेल. ईमेलचा पासवर्ड, आधार, यूपीआय पिन, काही डाउनलोड करा, असं काही आलं तर बाईंना सांगा. लाल इशारा आला तर परत फिरा. घरी जाताना 'आपोआप जोडा' बंद करा. पैशाचं काम असेल तर दोन मिनिटं वायफाय बंद करून मोबाईल डेटावर करा.

शेवटच्या सूचनेवर मी बाईंशी वाद घातला. यूपीआय अ‍ॅप स्वतःची कुलपं स्वतः लावतं, शिवाय ते सिमशी बांधलेलं असतं. वायफाय कुठलं यावर त्याचं फार अडत नाही. बाई म्हणाल्या, "असू दे. दोन मिनिटांनी काय बिघडतं?" काही बिघडत नाही. ठेवली.

कुलपाच्या चिन्हाबद्दलची माझी लाडकी सूचना गेली, आणि गेली ते बरं झालं. 'कुलूप दिसलं म्हणजे सुरक्षित' हे मीच वर्गात कित्येक वर्षं शिकवलंय. कुलूप एवढंच सांगतं की वाटेत कोणी वाचत नाही. पलीकडे बसलेला कोण, ते सांगत नाही. चोराच्या घरालाही कुलूप असतंच. क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये ते चिन्ह काढून टाकलं, त्यामागेही हाच गैरसमज होता.

व्हीपीएनचा, म्हणजे आपली रहदारी कुलूपबंद करून दुसऱ्याच्या सर्व्हरमार्गे नेण्याचा, मुद्दा मुलांनी काढला, दोघातिघांच्या फोनमध्ये फुकटचे व्हीपीएन होतेच. माझं मत: व्हीपीएन लावलं की अभ्यासिकेच्या कंडक्टरला तुमचा थांबा कळत नाही, पण व्हीपीएनवाल्याला कळतो. तो कोण, कुठला, फुकट का देतोय? एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने, व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षं ठेवायला सांगितलं, तेव्हा काही मोठ्या कंपन्यांनी आपले भारतातले सर्व्हरच हलवले. पैसे घेऊन चालणाऱ्यांची ही कथा. फुकटवाल्यांबद्दल मी काही बोलत नाही.

५ जुलै, शनिवार

उद्या आषाढी, अभ्यासिका अर्धी रिकामी. तरी आज गोंधळ झालाच. एक मुलगा खाली आला, खात्यातून पैसे गेले, आणि आल्या आल्या म्हणाला, "तुमच्या वायफायवरून झालं." कार्यवाहांचा चेहरा उतरला.

आधी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता असते, बाकी चौकशी नंतर. तक्रार नोंदली गेल्यावर फोन बघितला. व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखीच्याच नंबरवरून लग्नपत्रिका आली होती, फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके'. एपीके म्हणजे फोनमध्ये नवं सॉफ्टवेअर बसवणारी फाइल, पत्रिका कधी एपीके नसते. त्याने ती उघडली होती, 'अनोळखी अ‍ॅप बसवू का' याला हो म्हटलं होतं, एसएमएस वाचायची परवानगीही दिली होती. पुढचे ओटीपी परस्पर तिकडे गेले. हे सगळं तीन दिवसांपूर्वी त्याच्या मावशीकडे, त्याच्याच मोबाईल डेटावर.

वायफाय निर्दोष सुटलं, पण मला बरं वाटलं नाही. तो आमच्या फलकाखाली रोज बसत होता. आणि जगात सगळ्यात जास्त भीती त्याला वायफायची वाटत होती.

पैसे आलेले नाहीत अजून.

१२ जुलै, शनिवार

अभ्यासिकेचं जाळं पासवर्डशिवाय आहे, पान नंतर येतं. म्हणजे हवेतली रहदारी वायफायच्या पातळीवर उघडीच, एचटीटीपीएसच्या भरवशावर. अ‍ॅक्सेस पॉइंटमध्ये 'एन्हान्स्ड ओपन' सापडलं: पासवर्ड न मागता प्रत्येक फोनशी वेगळी किल्ली ठरवतं. चालू केलं. अँड्रॉइड १० च्या पुढच्या फोनांना जमतं, जुन्यांसाठी साधं उघडं जाळं सोबत ठेवावं लागलं. खोट्या हॉटस्पॉटवर याचा उपाय नाही, माझ्या रॅकमागच्या लॅपटॉपलाही हे लावता आलं असतं.

राहिलेली कामं: मोबाईलवरून प्रिंट (बाईंनी आठवण करून दिली, तिसऱ्यांदा). डीव्हीआरचा पासवर्ड मीच विसरलोय. मुलांच्या फोनमधून जुनं नाव पुसायला लावणं. निम्म्यांनी पुसलं, निम्मे "हो सर" म्हणाले.

भिंतीवरचा पिवळा कागद आज काढला. मागे रंग मूळचा हिरवा निघाला. संध्याकाळी समोरच्या टपरीवर चहाला थांबलो तर तिथल्या पाटीवर दराच्या खाली खडूने लिहिलेलं, 'वाचनालय वायफाय', पुढे वाचनालयाचा फोन नंबर. टपरीवाले काका म्हणाले, "मास्तर, बरं झालं आलात. हे दोन आठवडे लागत नाहीये. नवीन काय आहे?"